टेरिकॉटचं पाप

बाईंच्या भाच्याच्या होणाऱ्या मेहुण्यानं स्वतःचं कपाट रिकामं केलं. टेरिकॉटचे शर्ट, टेरीवूलच्या विजारी, आईनं विणलेला अर्ध्या लोकरीचा नि अर्ध्या अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर, सगळं गाठोड्यात बांधलं आणि बोहारणीला देऊन वर एक स्टीलचं पातेलं घेतलं. का, तर दोन प्रकारच्या सुतांचं कापड अंगावर घालणं देवाला चालत नाही, असं बायबलात लिहिलंय म्हणे.

"आणि ती बोहारीण?" मी विचारलं. "ते शर्ट पुढे कुणीतरी घालणारच की. त्याचं पाप कुणाच्या खात्यात?"

"हेच मी त्याच्या आईला म्हटलं," बाई म्हणाल्या. "तर ती बिचारी रडायलाच लागली. स्वेटर तिनं दोन हिवाळे घालवून विणला होता गं."

आमच्या दोन घरांमध्ये छातीइतकं उंच मेंदीचं कुंपण आहे. पलीकडे बाई राहतात. नगरच्या मिशनच्या शाळेत जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे गल्लीला त्यांचं आडनाव आठवत नाही, सगळे बाईच म्हणतात. त्या चौथ्या पिढीच्या ख्रिस्ती, आम्ही देवळातली गुरवीण सांगेल तेवढे हिंदू. दिवाळीचा चिवडा इकडून तिकडे जातो, नाताळच्या करंज्या तिकडून इकडे येतात, आणि मधल्या दहा महिन्यांत फक्त बातम्यांची देवाणघेवाण.

प्रकरण असं की भाच्याचं लग्न नाताळ झाल्यावर ठरलंय. मुलीकडची माणसं चांगली. मुलीचा भाऊ इंजिनियर, सालस, सिगारेटसुद्धा ओढत नाही. पण गेल्या वर्षापासून तो एका नव्या प्रार्थनासभेला जायला लागला. तिथले जे ब्रदर आहेत ते जुन्या करारातले नियम एकेक करून लागू करत सुटलेत. पहिल्यांदा डुकराचं मटण गेलं. मग रविवार जाऊन शनिवार आला. आता कपड्यांवर आलेत. पुरुषांनी मिश्र कापड घालायचं नाही, आणि बायकांनी जीन्स घालायची नाही कारण तो पुरुषांचा पेहराव. मुलगी एमआयडीसीत नोकरीला, स्कूटरवर जाते-येते. तिला सांगितलं, लग्नापासून साडीच.

"आणि नवऱ्या मुलाला फोन करून विचारतो," बाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "की दाजी, तुमच्या सुटाच्या कापडावर लेबल काय आहे?"

मी पदरानं तोंड दाबून हसले. बाई हसल्या नाहीत. आत गेल्या आणि पुठ्ठा बदललेलं, कडा काळवंडलेलं बायबल घेऊन आल्या. ते कुंपणावर ठेवायची सोय नाही, म्हणून मी आमच्याकडचं उलटं टोपलं कट्ट्यावर ठेवून त्यांना इकडेच बोलावलं.

"हे बघ, लिहिलंय हे खरंच आहे. तो पोरगा खोटं बोलत नाही." लेवीयाच्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायाची एकोणिसावी ओवी. त्यात तीन गोष्टींना मनाई: वेगवेगळ्या जातींच्या जनावरांचा संकर करू नका, एका शेतात दोन जातींचं बी पेरू नका, आणि दोन जातींच्या धाग्यांचं वस्त्र घालू नका. पुढे अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात तोच नियम पुन्हा येतो, आणि तिथे दोन धाग्यांची नावंच दिलीत: लोकर आणि लिनन. लिनन म्हणजे अळशीच्या खोडातून निघणारं सूत. आपल्याकडे अळशी चटणीपुरती.

"म्हणजे टेरिकॉट यात नाहीच!" मी म्हटलं.

"कसं असेल? पॉलिएस्टरचा शोध लागला १९४१ साली, इंग्लंडात. हे नियम सांगणाऱ्या मोशेला काय स्वप्न पडलं होतं?"

कर्मठ यहुदी लोक हा नियम आजही पाळतात, शब्दशः पाळतात. बाईंची एक मैत्रीण पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांच्याबरोबर होती, रास्ता पेठेतली, बेने इस्राएल. आपल्या कोकणातले, अलिबाग-रेवदंड्याकडचे, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणायचे ना, त्या समाजातली. घरात अस्सल मराठी, नऊवारी नेसणारी आजी, आणि सिनेगॉगमध्ये पुरुषांच्या खांद्यावर गोंड्यांची शाल. पुढे सगळं कुटुंब इस्राएलला गेलं. त्या मैत्रिणीनं बाईंना एकदा समजावून सांगितलं होतं की त्यांच्या धर्मगुरूंनी हा नियम अगदी काटेकोर आखून दिलाय: मेंढीची लोकर आणि लिनन, या दोघांचंच एकत्र येणं वर्ज्य. सुती नि पॉलिएस्टर चालतं, लोकर नि सुती चालतं, रेशीम कशाबरोबरही चालतं. न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये आणि इस्राएलमध्ये यासाठी चक्क प्रयोगशाळा आहेत. नवा सूट शिवला की तिथे नेतात, शिवण उसवून धागा काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कारण सुटाची कॉलर ताठ राहावी म्हणून शिंपी आत जे कॅनव्हास घालतात, त्यात पुष्कळदा लिनन असतं.

"म्हणजे बाई," मला एकदम सुचलं, "त्या पोरानं बोहारणीला जे दिलं ते सगळं निर्दोष होतं?"

"आणि ठेवलं काय सांगू? कॉलेजच्या निरोप समारंभाचा ब्लेझर. का, तर त्यावर शुद्ध लोकर असं लेबल आहे!" आता मात्र बाई हसल्या. "आतलं कॅनव्हास कुणी उसवून बघितलंय?"

मला या गोष्टीचं नवल वाटत नाही. माझ्या सासूबाईंचं सोवळं मी पाहिलंय. धाबळी लोकरीची, ती न धुता सोवळ्यात चालायची. रेशमी मुकटा चालायचा. सुती लुगडं मात्र ओलं पिळून उंच काठीवर वाळत घालायचं, आणि कुणा पोराचा हात लागला की झालं ओवळं. का, असं विचारलं की सासूबाई म्हणायच्या, तसंच असतं. आता माझी जाऊ सणाला दुकानातून आणलेली सिंथेटिक पैठणी नेसून नैवेद्य दाखवते आणि देवाची काही तक्रार आलेली नाही. हे मी बाईंना सांगितलं.

"तुमच्यात निदान कारण विसरलेत. आमच्या या ब्रदरना कारण ठाऊकच नाही," बाई म्हणाल्या. "ऐक, गंमत आहे."

गंमत अशी. ज्या देवानं लोकर-लिननची मनाई केली, त्याच देवानं मुख्य याजकाच्या पोशाखाची वर्दी दिली, निर्गम नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात. त्यात निळं, जांभळं, किरमिजी सूत आहे, सोन्याची तार आहे आणि तलम लिनन आहे. रंगीत सूत म्हणजे लोकर, कारण लिननवर त्या काळी रंग नीट चढत नसे. म्हणजे याजकाच्या अंगावर तेच मिश्रण! पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सरळ लिहितो की लोकर-लिननचं कापड इतरांनी घालू नये, कारण ते याजकांसाठी राखून ठेवलंय.

"म्हणजे ते कापड घाण म्हणून मना नव्हतं," मी म्हटलं, "उलट फार पवित्र म्हणून?"

"असं एक मत. दुसरं मत मैमोनिदीस नावाच्या बाराव्या शतकातल्या पंडिताचं, तो म्हणतो मूर्तिपूजकांचे पुजारी तसलं कापड घालायचे म्हणून मना. मला पहिलं पटतं. कारण पुढची ओवी बघ." अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात अकराव्या ओवीत मिश्र कापडाला बंदी आणि लगेच बाराव्या ओवीत पांघरुणाच्या चारही टोकांना गोंडे लावायची आज्ञा. गोंड्यात एक निळा दोरा हवा, असं गणनेच्या पुस्तकात म्हटलंय. निळा दोरा लोकरीचा, पांघरूण लिननचं. यहुदी धर्मगुरूंनी याचा अर्थ असा लावला की गोंड्यापुरती सूट आहे. म्हणजे साध्यातल्या साध्या माणसाच्या अंगावर टोकाला चार बोटं याजकाचं कापड. येशूच्या अंगरख्यालाही ते गोंडे होते. बारा वर्षं आजारी असलेली बाई गर्दीतून येऊन ज्याला हात लावते ना, तो गोंडाच. आणि त्याच येशूनं परूशी म्हणवणाऱ्या कर्मठ यहुद्यांना झापलंय की तुम्ही लोकांनी बघावं म्हणून गोंडे लांब करता.

मग बाईंनी बोट वर केलं. वर्गात करायच्या तसंच असणार. "नव्या करारात, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे सगळेच याजक झाले. सगळे! मग मिश्र कापड जर याजकांचं, तर आम्ही ते हक्कानं घातलं पाहिजे. हे मी त्या पोराला साखरपुड्यात विचारणार आहे."

"तो म्हणेल देवाचं वचन बदलत नाही."

"म्हणू दे. मी त्याला नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये काढून देईन, अध्याय पंधरा."

हा पंधरावा अध्याय बाईंच्या बोलण्यात इतक्यांदा आला की मी शेवटी तो त्यांच्याकडून वाचूनच घेतला. साधारण इसवी सन ४९ची गोष्ट. अंत्युखिया शहरात यहुदी नसलेली माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली होती. यरुशलेमहून काही मंडळी आली आणि म्हणाली, आधी सुंता करा, मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळा, नाहीतर तारण नाही. पौल नि बर्णबा या तिथल्या प्रचारकांचं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. मग यरुशलेमात सभा भरली. पेत्र उठून म्हणाला की जे जू आपल्या बापजाद्यांना पेललं नाही ते या नव्या माणसांच्या मानेवर कशाला? मग याकोबानं निकाल दिला आणि पत्र लिहून पाठवलं. त्यात चार गोष्टी: मूर्तीला वाहिलेलं खाऊ नका, रक्त खाऊ नका, गळा दाबून मारलेलं खाऊ नका, आणि व्यभिचार करू नका. बस्स.

"कापडाचा धागासुद्धा नाही त्यात," बाई म्हणाल्या. "आणि नवल हे की पौलाला कापड कळत नव्हतं असं नाही. तंबू शिवण्याचा त्याचा धंदा! फिलिप्पैत त्याच्या हातून पहिली बाप्तिस्मा घेणारी बाई कोण, तर लुदिया, जांभळ्या कापडाची व्यापारीण. तिच्या घरी तो राहिला, जेवला. आता धंद्यानं तंबूवाला, यजमानीण कापडवाली, आणि या माणसानं इतकी पत्रं लिहिली. मिश्र सुताबद्दल एक ओळ लिहायला जागा नसेल मिळाली?"

मला हे पटलं, पण मी थोडं डिवचून बघितलं. गप्पांत एका बाजूनं मान डोलावली की गप्पा संपतात. म्हटलं, "बाई, ते ठीक आहे. पण मग तुम्ही ठरवणार कसं, कुठला नियम सोडायचा नि कुठला धरायचा? आवडेल तो धरायचा?"

बाई जरा गप्प झाल्या. मग त्यांनी लेवीयाचं तेच पान पुन्हा उघडून माझ्यासमोर धरलं. कापडाच्या मनाईची ओवी एकोणिसावी. तिच्या डोक्यावर, अठरावी ओवी: शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा. दोघी एकमेकींना चिकटून. मध्ये रेघ नाही, मथळा नाही, वरची कायमची आणि खालची तात्पुरती अशी पाटी नाही.

"खरी अडचण इथे आहे," त्या म्हणाल्या. "आमचे पाळक सांगतात, नियम तीन तऱ्हेचे: नैतिक, विधींचे आणि राज्यकारभाराचे. नैतिक राहिले, बाकीचे गेले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं ही वाटणी नीट मांडली. माझे आजोबा एसपीजी या इंग्रजी मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्या प्रार्थनापुस्तकात मागे एकोणचाळीस कलमं छापलेली असायची, इंग्लंडात १५७१ साली पक्की झालेली. त्यातलं सातवं कलम हेच सांगतं. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी शिकवण तीच राहिली. पण खरं सांगू? ही वाटणी नंतरच्या लोकांनी केलेली. मोशेच्या पुस्तकात शेजारी नि शर्ट एकाच पानावर आहेत."

"मग?"

"मग मी बघते की पुढे ती ओवी कुणी उचलली. अठरावी येशूनं उचलली, दुसरी मोठी आज्ञा म्हणून. पौलानं रोमकरांच्या पत्रात उचलली, सगळं नियमशास्त्र तिच्यात आलं म्हणून. याकोबाच्या पत्रात ती आहे. एकोणिसावी कुणी उचलली? कुणीच नाही. चारही शुभवर्तमानांत नाही, पत्रांत नाही, प्रकटीकरणात नाही."

हे उत्तर मला त्या तीन तऱ्हांच्या वाटणीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटलं. शनिवार पाळणारे अ‍ॅडव्हेंटिस्ट पुण्यात कित्येक वर्षं आहेत, डुक्कर खात नाहीत, दागिनेही बेताचे घालतात, पण त्यांच्यातल्या कुणाला शर्टाचं लेबल चाचपताना बाईंनी पाहिलेलं नाही. जुन्या कराराला घट्ट धरून असणाऱ्यांनीही हा नियम मागे ठेवलाय, यातच काय ते आलं.

इतक्यात गॅसवरचं दूध आठवलं म्हणून मी आत जाऊन आले. परत येते तो बाई जीन्सवर पोचल्या होत्या आणि आवाज चढला होता.

जीन्सची ओवी अनुवादाच्या त्याच बाविसाव्या अध्यायात आहे, पाचवी: बाईनं पुरुषाचा वेष करू नये, पुरुषानं बाईचा करू नये. "आता मला सांग, मोशेच्या काळी पुरुष काय घालायचे? घोट्यापर्यंत अंगरखा. बायका? घोट्यापर्यंत अंगरखा! काठ-रंगांचा फरक असेल तेवढाच. पॅन्ट म्हणावी अशी वस्तू नियमशास्त्रात एकच येते, याजकांनी आतून घालायचे लिननचे चोळणे. म्हणजे पॅन्ट पुरुषी कशी ठरली? आणि आपल्या नऊवारीचं काय? कासोटा धोतराला असतो नि नऊवारीलाही असतो. माझी आजी प्रभूभोजनाला नऊवारी नेसून बसायची. ब्रदर असते तर तिला उठवली असती."

या एका ओवीनं काय घडवलं, तेही बाईंनी सांगितलं. फ्रान्समधली जोन ऑफ आर्क, एकोणीस वर्षांची पोर. लढायला पुरुषी कपडे घातले, कैदेतही घातले, कारण पहारेकऱ्यांपासून अब्रू राखायला ते बरे. खटल्यात तिच्यावरचा मोठा आरोप हाच. दबावाखाली तिनं बायकी कपडे घातले, पुन्हा पुरुषी घातले, आणि मुख्यतः त्यावरून ती पुन्हा पापात पडली असं ठरवून ३० मे १४३१ रोजी रुआँ गावात तिला जिवंत जाळली. पंचवीस वर्षांनी तो निकाल रद्द केला. १९२० साली तिला संत केली. आणि अक्वायनसनं तिच्या खटल्याच्या दीडशेक वर्षं आधी लिहून ठेवलं होतं की बाईवर तशी वेळ आली तर पुरुषी वेष घातल्यानं पाप लागत नाही. न्यायाधीशांनी ते वाचलं नव्हतं थोडंच!

आपल्याकडेही झालं की. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय, १५६० ते १८१२, मध्ये काही वर्षं बंद होतं ती सोडून. १७३६ साली तिथे फर्मान निघालं की ख्रिस्ती पुरुषांनी धोतर नेसू नये नि ख्रिस्ती बायकांनी चोळी घालू नये. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर १९६१ साली पुस्तक काढलं, त्यात ते फर्मान दिलंय. आता धोतर-चोळीविरुद्ध मोशेनं काय म्हटलं होतं? काही नाही. ते हिंदू दिसतात, एवढंच कारण. आणि गंमत बघा, त्याच्याही शंभरेक वर्षं आधी मदुराईत रॉबर्टो दी नोबिली हा इटालियन जेझुइट भगवी वस्त्रं नेसून, संन्याशासारखा राहून धर्म सांगत होता. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण रोमपर्यंत गेलं, आणि १६२३ साली पोपनं जानवं-गंधाला सशर्त परवानगी दिली. एकाच धर्मात, एकाच देशात, मदुराईला जानवं चाललं आणि गोव्याला चोळी चालली नाही.

मी म्हटलं, "पण बाई, तुम्ही स्वतः प्रार्थनेला डोक्यावर पदर घेता की. मी बघते ना खिडकीतून."

"खिडकीतून बघतेस?" बाईंनी आधी ते वसूल केलं. मग म्हणाल्या, "घेते. घेणार. पण ते मोशेचं नाही, पौलाचं आहे, करिंथकरांना लिहिलेलं." करिंथ म्हणजे ग्रीसमधलं बंदर. तिथल्या मंडळीला पौलानं लिहिलं की प्रार्थना करताना बाईनं डोकं झाकावं. नव्या करारातलं आहे, त्यामुळे हे झटकून टाकता येत नाही, यावर बाई ठाम. पण त्याच परिच्छेदात पुरुषानं डोकं झाकू नये असंही आहे, ते कुणी लक्षात ठेवत नाही. जुन्या मिशनच्या फोटोंत आपले उपदेशक ऐटीत पागोटं घालून बसलेत. आपल्याकडे तेव्हा बोडक्या डोक्यानं चारचौघांत जाणं म्हणजे सुतक. पौलाला आपली रीत माहीत नव्हती आणि त्या लोकांनी त्याचा राग मानला नाही. कॅथलिकांत १९१७च्या कायद्यात बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं कलम होतं, १९८३च्या नव्या कायद्यात ते उरलं नाही. बाईंची वसईची विहीण सांगते की लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या अजून पदर घेतात, नाती घेत नाहीत, आणि फादर कुणालाच काही बोलत नाहीत.

"मी पदर घेते कारण माझी आई घ्यायची आणि मला तसं बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "सुनेला मी कधी म्हटलं नाही. तिनं घेतला तर घेतला."

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. बाईंना टेरिकॉटचा राग नव्हताच. "एवढे सगळे नियम आहेत ना त्या पुस्तकात, त्यातला पुरुषाच्या गळ्याशी येणारा नियम पुरुष स्वतःच तपासतो, स्वतःलाच प्रमाणपत्र देतो आणि ब्लेझर ठेवून घेतो. मुलीच्या जीन्सला मात्र सगळी सभा परीक्षक. तिला कुणी विचारलं? ती स्कूटरवर साडी नेसून हायवेनं एमआयडीसीत जाणार, पदर चाकात अडकला तर ब्रदर येणारेत का दवाखान्यात? आम्ही मुलाकडचे आहोत. मी भाच्याला सांगितलंय, बायको काय घालेल ते बायको ठरवेल, आणि हे साखरपुड्यात सगळ्यांसमोर बोलायचं. त्यानं तोंड उघडलं नाही तर मी उघडेन."

त्या उघडतील. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणाऱ्या बाईला एक प्रार्थनासभा किती जड?

"आणि त्या मुलाच्या आईला," मी विचारलं, "स्वेटरचं काय?"

"मी लोकर आणून देतेय. शुद्ध. म्हटलं, परत विण, आणि यावेळी नवऱ्याला घाल."

मग बाईंनी बायबल मिटता मिटता तो बाविसावा अध्याय मला पुन्हा दाखवला. कापडाच्या अकराव्या ओवीच्या तीन ओव्या वर, आठवी ओवी आहे. नवं घर बांधलंस तर गच्चीला कठडा घाल, नाहीतर वरून कुणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. "हे बघ. हीसुद्धा नव्या करारात कुणी उचलली नाही. पण हिला कुणी सांगावं लागतं का? त्या ब्रदरना एवढे नियम लागू करायचेत तर इथून सुरुवात करा म्हणावं. आपल्या अर्ध्या सावेडीच्या गच्च्यांना कठडे नाहीत."

बाईंच्या पलीकडच्या अंगाला नवी दोन मजली इमारत झालीय. गच्चीवर टाकी बसली, डिश बसली, कठडा तेवढा राहिलाय. दिवाळीच्या सुट्टीपासून गल्लीतली सगळी पोरं तिथेच पतंग घेऊन मागे मागे सरकत असतात आणि आम्ही दोघी खाली जीव मुठीत धरून उभ्या. मालकांना तोंडी सांगून झालं, सोसायटीच्या फलकावर लिहून झालं. तेव्हा मालक, तुमच्यापर्यंत हे पोचत असेल तर संक्रांतीच्या आत कठडा बांधून घ्या. विटा कमी पडल्या तर आमच्या परसात शंभरेक पडल्यात, न्या.